परीक्षा कशासाठी? आल्फ्रेड बिने यांच्या चाचणीची कहाणी

'ढ' हे अक्षर आपल्या शाळांमध्ये फार जुने आहे. मुळाक्षरांच्या तक्त्यात ते ढगाचे असते, पण शिक्षकांच्या खोलीत ते एखाद्या मुलाचे होऊन बसते. 'तिसऱ्या बाकावरचा तो? ढ आहे हो अगदी!' असे कुणीतरी म्हणते आणि बाकीचे मान डोलावतात. हे वाक्य उच्चारायला दोन सेकंद लागतात. पण त्याच्या आत किती गोष्टी दडलेल्या असतात पाहा. मुलाला ऐकू कमी येत असेल, फळ्यावरचे दिसत नसेल, घरची भाषा वेगळी असेल, दोन वर्षांत तीन शाळा बदलल्या असतील, अक्षरे ओळखण्यातच काही अडचण असेल किंवा एकूण आकलनच मंद असेल. एका अक्षरात आपण या सगळ्यांची मोट बांधतो.

या शक्यता एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या? हा प्रश्न घेऊन सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एक माणूस कामाला लागला. त्याचे नाव आल्फ्रेड बिने. आज जगभर बुद्धिमापनाच्या ज्या चाचण्या घेतल्या जातात, त्यांचे मूळ बिने यांच्या कामात आहे. मात्र त्यांनी ज्या हेतूने चाचणी बनवली आणि पुढे तिचा जो उपयोग झाला, त्यांत मोठे अंतर पडले. ते कसे पडले, हे शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे.

लोहचुंबकाचा धडा

बिने यांचा जन्म 1857 साली नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तोही अर्धवट सोडला. मग पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते मानसशास्त्राची पुस्तके वाचू लागले. या विषयात त्यांना कुणी गुरू नव्हता. जे शिकले ते वाचून आणि धडपडून.

1883 च्या सुमारास त्यांना सालपेत्रिएर या प्रसिद्ध रुग्णालयात काम करण्याची संधी मिळाली. तेथे शार्को हे त्या काळचे अत्यंत नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ होते. संमोहनावर तेथे प्रयोग चालत. बिने आणि त्यांचे सहकारी फेरे यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. संमोहित रुग्ण स्त्रीच्या एका बाजूच्या हाताची हालचाल थांबली असेल आणि शेजारी लोहचुंबक ठेवला, तर ते लक्षण दुसऱ्या बाजूच्या हातात जाई! चुंबकाचा चेतासंस्थेवर परिणाम होतो, असे दोघांनी ठामपणे लिहिले.

बेल्जियमचे शास्त्रज्ञ देलबफ यांना हे पटेना. ते स्वतः पॅरिसला आले आणि प्रयोग पाहू लागले. त्यांच्या लक्षात आले की प्रयोग करणारे रुग्णासमोरच मोकळेपणाने बोलत आहेत. आता काय होणार, हे त्या स्त्रीला आधीच कळत होते. चुंबकही लपवलेला नव्हता. देलबफ यांनी आपल्या गावी परतून काळजीपूर्वक प्रयोग केले, तेव्हा चुंबकाचा काहीही प्रभाव दिसला नाही. जे काही घडत होते ते प्रयोगकर्त्याच्या अपेक्षेमुळे घडत होते.

बिने यांनी आधी जोरदार प्रतिवाद केला, पण काही वर्षांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. या प्रकरणात त्यांची बरीच नाचक्की झाली. पण एक गोष्ट ते कायमची शिकले. तपासणाऱ्याच्या मनात जे असते, ते तपासल्या जाणाऱ्यापर्यंत पोहोचते. पुढे मुलांवर काम करताना त्यांनी हा धोका कधी नजरेआड होऊ दिला नाही. सूचनेचा मुलांवर कसा परिणाम होतो यावर त्यांनी 1900 साली एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीमुळे मूल चुकीच्या उत्तराकडे कसे ढकलले जाते, हे त्यात दाखवले आहे.

घरातल्या दोन मुली

या काळात बिने यांना दोन मुली झाल्या. 1885 मध्ये माद्लेन आणि 1887 मध्ये आलिस. वडिलांनी त्यांच्याबरोबर छोटे छोटे खेळ मांडले आणि जे दिसले ते नोंदवून ठेवले. 1890 साली या नोंदी त्यांनी प्रसिद्ध केल्या.

त्यांतला एक खेळ आपणही वर्गात करून पाहू शकतो. टेबलावर सोंगट्यांचे दोन ढीग मांडायचे आणि मुलीला विचारायचे, कुठे जास्त आहेत? माद्लेनला तेव्हा मोजता येत नव्हते. सोंगट्या सारख्या आकाराच्या असतील तर ती बहुतेक वेळा बरोबर ढीग दाखवी. पण एका ढिगात थोड्याच मोठ्या सोंगट्या आणि दुसऱ्यात पुष्कळ लहान सोंगट्या ठेवल्या की ती मोठ्या सोंगट्यांचा ढीग दाखवायची. म्हणजे ती संख्या पाहत नव्हती, व्यापलेली जागा पाहत होती. उत्तर चूक होते, पण त्यामागे एक नियम होता.

दुसरी गोष्ट दोन्ही बहिणींच्या स्वभावाची. चालायला शिकताना माद्लेन आधाराला खुर्ची किंवा टेबल जवळ आहे ना, हे पाहूनच पाऊल टाकी. आलिस मात्र समोर काय आहे याचा विचार न करता झेपावत असे. मोठ्या झाल्यावरही विचार करण्याच्या त्यांच्या पद्धती वेगळ्या राहिल्या. एक नेमके निरीक्षण करणारी, दुसरी कल्पनेत रमणारी. 1903 साली बिने यांनी या दोघींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा असा होता की बुद्धी म्हणजे डोळ्यांची तीक्ष्णता किंवा प्रतिसादाचा वेग नव्हे. त्या काळचे बरेच शास्त्रज्ञ याच गोष्टी मोजत होते. बिने यांना दिसले की अशा साध्या क्रियांत मुले कित्येकदा मोठ्यांच्या जवळपास येतात. खरा फरक पडतो तो समजून घेणे, तारतम्य, लक्ष देणे, स्वतःची चूक ओळखणे अशा गुंतागुंतीच्या गोष्टींत.

कवट्या आणि मिलिमीटर

त्या काळी आणखी एक समजूत प्रचलित होती. डोके मोठे तर बुद्धी मोठी. बिने यांचाही त्यावर विश्वास होता. म्हणून ते शाळाशाळांत गेले, शिक्षकांनी सांगितलेल्या सर्वांत हुशार आणि सर्वांत कच्च्या मुलांची डोकी मोजू लागले. तीन वर्षांच्या मेहनतीनंतर हाती काय लागले? दोन्ही गटांतला सरासरी फरक जेमतेम एखाद्या मिलिमीटरचा! शिवाय कित्येक कच्च्या मुलांची डोकी हुशार मुलांपेक्षा मोठी होती.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. तेओदोर सीमोन नावाचा एक तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करू लागला होता. एका रुग्णालयातील मतिमंद मुलांची डोकी दोघांनीही मोजली. एका मोजमापात सीमोन यांचे आकडे सातत्याने कमी येत होते. हा फरक का पडतो, हे पाहण्यासाठी बिने यांनी तीच डोकी पुन्हा मोजली. या वेळी आकडे कमी यायला हवेत, असे त्यांच्या मनात होते. आणि आकडे खरोखरच कमी आले, सरासरी 3 मिलिमीटरने. हुशार आणि कच्च्या मुलांच्या डोक्यांत जो फरक सापडला होता, त्याहून हा फरक कितीतरी मोठा होता. डोकी तर आकसली नव्हती. मोजणाऱ्याच्या मनातील अपेक्षा त्याच्या बोटांत उतरली होती.

बिने यांनी हे सगळे लपवले नाही. कसे घडले ते तपशिलाने छापले आणि डोकी मोजण्याचा मार्ग सोडून दिला.

1904 चा प्रश्न

फ्रान्समध्ये 1882 च्या कायद्याने 6 ते 13 वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. त्याआधी जी मुले शाळेत टिकत नसत ती निमूटपणे घरी किंवा कामावर जात. आता ती वर्गात येऊन बसली. शिक्षकांची तक्रार सुरू झाली. या मुलांचे करायचे काय? त्यांना रुग्णालयांत आणि आश्रमांत पाठवा, असेही काही जण सुचवू लागले.

1899 साली पॅरिसमध्ये मुलांच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली होती. तिच्या सभासदांत शिक्षकांची संख्या मोठी होती. बिने लवकरच तिचे प्रमुख झाले. या संस्थेने सरकारकडे आग्रह धरला आणि 1904 साली शिक्षणमंत्र्यांनी एक आयोग नेमला. आयोगाने ठरवले की अशा मुलांसाठी खास वर्ग असावेत आणि तपासणी केल्याशिवाय कोणत्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून काढू नये.

पण तपासणी करायची कशी? बिने आणि सीमोन यांनी डॉक्टरांची जुनी प्रमाणपत्रे काढून पाहिली. एकाच मुलाला एका डॉक्टरने एक निदान दिले होते, दुसऱ्याने दुसरेच. तेव्हा प्रचलित असलेल्या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा होता. शिक्षकांच्या मतावर सगळे सोपवावे, तर तिथेही अडचण होती. त्रास देणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढण्याचा मोह शिक्षकाला होऊ शकतो. उलट शांत बसणारे मूल मागे पडले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे निर्णय कुणाच्या मर्जीवर किंवा समजुतीवर राहता कामा नये. चुंबकाने आणि कवट्यांनी बिने यांना नेमके हेच शिकवले होते.

तीस प्रश्न

1905 मध्ये दोघांनी तीस कामांची एक मालिका प्रसिद्ध केली. ती सोप्याकडून अवघडाकडे जात होती. पेटती काडी डोळ्यांसमोरून फिरवली तर मूल नजर फिरवते का? चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतून खाण्याची वस्तू ओळखते का? ऐकलेले तीन अंक पुन्हा म्हणते का? दोन रेषांतली लांब रेषा कोणती? माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय? पाहिलेली आकृती आठवून काढता येते का? तीन शब्द घालून एक वाक्य करता येते का? शेवटच्या प्रश्नांपैकी एक असा होता की कंटाळा आणि दुःख यांत फरक काय. हा प्रश्न आपल्यातल्या कुणालाही थोडा विचार करायला लावेल.

या कामांत वाचन-लेखन शक्यतो टाळले होते. कारण मूल किती शिकले आहे हे पाहायचे नव्हते, ते शिकू किती शकेल याचा अंदाज हवा होता. प्रश्न कसा विचारायचा, किती वेळ थांबायचे, कोणते उत्तर ग्राह्य धरायचे, हेही लिहून ठेवले होते.

1908 मध्ये मालिका सुधारली. दोनशेच्या आसपास सर्वसाधारण मुलांना तपासून कोणते काम बहुसंख्य मुलांना कोणत्या वयात जमते, हे ठरवले. पाच वर्षांचे मूल चौरस पाहून काढते. सहाव्या वर्षी त्याला उजवा हात आणि डावा कान दाखवता येतो. आठव्या वर्षी ते विसापासून शून्यापर्यंत उलटे अंक म्हणते. नवव्या वर्षी नाणी मोजून उरलेले पैसे परत देते. आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या पातळीपर्यंतची कामे करत असेल, तर त्याची मानसिक पातळी सहा वर्षांची आहे, असे म्हणायचे. 'पातळी' हा शब्द बिने जाणीवपूर्वक वापरत. आज आहे ती पातळी उद्या बदलू शकते.

त्यांनी काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. लाकडाची फळी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही. चाचणी मुलाची आजची स्थिती सांगते, त्यामागचे कारण सांगत नाही आणि भविष्यही सांगत नाही. घरच्या परिस्थितीचा प्रश्नही त्यांच्यासमोर आला. ब्रुसेल्समध्ये सुखवस्तू घरांतील मुलांना हीच चाचणी दिली, तेव्हा ती मुले पॅरिसच्या गरीब वस्तीतील मुलांपेक्षा वर्षाहून अधिक पुढे निघाली. घरी ऐकायला मिळणारी भाषा आणि चाचणीतील गुण यांचा संबंध आहे, हे बिने यांनी ओळखले.

चाचणीनंतर काय?

बिने यांच्या कामाचा एक भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. चाचणी हे त्यांच्या दृष्टीने पहिले पाऊल होते. मूल मागे आहे हे कळले, मग पुढे काय करायचे?

1905 साली पॅरिसच्या एका कामगार वस्तीतील प्राथमिक शाळेत त्यांनी शैक्षणिक प्रयोगशाळा सुरू केली. शाळेचे मुख्याध्यापक व्हाने हे त्यांचे सहकारी होते. तेथे मुलांची दृष्टी तपासण्यासाठी शिक्षकांना सहज वापरता येईल असा तक्ताही तयार झाला. फळ्यावरचे न दिसणाऱ्या मुलाला मंद ठरवू नये, यासाठीची ती खबरदारी होती.

खास वर्गांतील मुलांसाठी त्यांनी 'मानसिक ऑर्थोपेडिक्स' सुचवले. वाकलेले हाड हळूहळू सरळ करावे, तसे लक्ष आणि स्मरण यांना वळण लावायचे. एका खेळात सर्व मुलांनी पुतळ्यासारखे स्थिर उभे राहायचे. चुळबुळ करणारी मुले रोज थोडा थोडा अधिक वेळ स्थिर राहू लागली. दुसऱ्या खेळात एका पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या वस्तू काही सेकंद दाखवून झाकायच्या आणि पाहिलेल्या वस्तूंची नावे लिहायची. सरावाने मुलांना नऊ-नऊ वस्तू आठवू लागल्या. वर्ग पाहायला आलेल्या लोकप्रतिनिधींनी हा खेळ करून पाहिला, तर त्यांना मुलांइतकेही जमले नाही! बुद्धी ठरावीकच असते, ती वाढत नाही, असे म्हणणाऱ्यांवर बिने यांनी 1909 च्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये खास वर्गांचा कायदा झाला.

18 ऑक्टोबर 1911 रोजी बिने वारले. तेव्हा ते 54 वर्षांचे होते. सॉर्बोनच्या प्रयोगशाळेचे ते कित्येक वर्षे संचालक होते, पण फ्रान्समध्ये प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही.

पातळीचा आकडा झाला

1912 मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी एक मुद्दा मांडला. चार वर्षांचे मूल दोन वर्षांनी मागे असणे आणि बारा वर्षांचे मूल दोन वर्षांनी मागे असणे, या सारख्या गोष्टी नाहीत. म्हणून वजाबाकी न करता भागाकार करावा. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी 1916 मध्ये या भागाकाराला 100 ने गुणले. पहिल्या मुलाचा आकडा येतो 50, दुसऱ्याचा सुमारे 83. हाच बुद्ध्यंक.

गणित म्हणून यात काही चूक नाही. पण एक सूक्ष्म बदल झाला. 'हे मूल सध्या सहा वर्षांच्या पातळीवर आहे' असे ऐकले की ते सातव्या पातळीवर कसे जाईल, हा प्रश्न आपोआप मनात येतो. 'याचा बुद्ध्यंक 75 आहे' म्हटले की उंची किंवा रक्तगट सांगितल्यासारखे वाटते. प्रश्न संपतो.

अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांनी बिने यांच्या चाचणीचे इंग्रजी भाषांतर केले होते. ते आणि त्यांच्या विचाराचे इतर अनेक जण असे मानत की बुद्धी आनुवंशिक आहे, ती बदलत नाही आणि कमी बुद्धीच्या माणसांपासून समाजाचे रक्षण केले पाहिजे. गोडार्ड यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या बंदरात बोटीतून नुकत्याच उतरलेल्या स्थलांतरितांना या चाचण्या दिल्या. दमलेली, भेदरलेली, इंग्रजी न येणारी माणसे! त्यांच्यातील बहुसंख्यांवर मंदबुद्धीचा शिक्का बसला.

याचा शेवट कुठे झाला ते केरी बक या मुलीच्या कहाणीत दिसते. व्हर्जिनिया राज्यात मंदबुद्धी ठरवलेल्या व्यक्तींवर सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा होता. बिने यांच्या मालिकेवरून बनवलेल्या चाचणीत केरीचे मानसिक वय नऊ वर्षांचे आले. तिची आई आणि तिची तान्ही मुलगी याही मंदबुद्धी असल्याचे न्यायालयात सांगण्यात आले. 1927 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेला मान्यता दिली. ती तान्ही मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली. 1931 मध्ये तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत होते. पुढच्या वर्षी आजारपणात ती गेली.

सीमोन 1961 पर्यंत जगले. बुद्ध्यंकाची कल्पना म्हणजे आपल्या चाचणीच्या हेतूशी केलेला विश्वासघात आहे, असे त्यांचे मत होते.

चुकलेल्या उत्तरांचे मोल

सुदैवाने बिने यांच्या कामातून दुसरीही एक वाट निघाली. पहिल्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडचा एक तरुण पॅरिसला आला. व्हाने यांच्या त्याच शाळेत मुलांना काही इंग्रजी चाचण्या देऊन त्यांची प्रमाणके ठरवण्याचे काम सीमोन यांनी त्याच्याकडे सोपवले. बरोबर उत्तरे मोजण्याचा त्याला कंटाळा आला. त्याला कुतूहल वाटू लागले ते चुकलेल्या उत्तरांचे. एका वयाची मुले सारख्याच चुका का करतात? मग तो मुलांशी गप्पा मारू लागला. या तरुणाचे नाव झाँ पियाजे. मुलांच्या विचारांवरील त्यांचे काम प्रत्येक शिक्षकाने बी. एड. किंवा डी. एड. करताना वाचलेले असते. तीस वर्षांपूर्वी माद्लेनच्या सोंगट्यांनी जे दाखवले होते, त्याच्याशी याचे नाते उघड आहे.

चेतामानसशास्त्र, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांच्या संबंधाचे शास्त्र, याच वाटेने पुढे गेले. 1941 मध्ये जिनिव्हाच्या आंद्रे रे यांनी एक गुंतागुंतीची भौमितिक आकृती तयार केली. आयत, कर्ण, त्रिकोण, वर्तुळ, समांतर रेषा असे अठरा भाग त्यात आहेत. मुलाने आधी ती पाहून काढायची, काही वेळाने आठवून काढायची. चित्र काढताना परीक्षक मध्येच पेन्सिलीचा रंग बदलून देतो. त्यामुळे आधी काय काढले, मग काय काढले हे कागदावरच उमटते. एक मूल आधी मोठा आयत काढून त्यात बाकीचे भाग बसवते. दुसरे एका कोपऱ्यातून सुरू करून तुकड्यातुकड्याने पुढे सरकते. पाहून काढलेली चित्रे दोघांची सारखी दिसतील, पण थोड्या वेळाने आठवून काढताना दुसऱ्या मुलाची फार ओढाताण होण्याची शक्यता असते.

अमेरिकेत बॉस्टनच्या इडिथ कॅप्लन यांनी हाच विचार नेटाने मांडला. रंगीत ठोकळ्यांनी नक्षी जुळवण्याचे एक काम वेक्सलर यांच्या प्रसिद्ध चाचणीत असते. त्यात मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या रुग्णाकडून नक्षीची बाह्य चौकटच मोडते, तर डाव्या भागाला इजा झालेल्याची चौकट शाबूत राहते पण आतले बारकावे चुकतात. दोघांनाही गुण शून्य. गुणपत्रिकेवर दोघे सारखे, प्रत्यक्षात अडचणी अगदी भिन्न आणि मदतही भिन्न प्रकारची हवी. म्हणून कॅप्लन यांचा आग्रह असे की मूल उत्तरापर्यंत कसे पोहोचले, कुठे अडले, अडल्यावर त्याने काय केले, हे परीक्षकाने लिहून ठेवावे.

आपल्याकडे

बिने यांची चाचणी मराठी मुलांपर्यंत पोहोचली ती तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाडमधून. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी टर्मन यांच्या आवृत्तीचे कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचा त्यांचा ग्रंथ 1940 साली प्रसिद्ध झाला. 'बिने-कामत चाचणी' हे नाव आजही मानसोपचार विभागांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत ऐकू येते. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूपांतर नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी केले. अशी रूपांतरे म्हणजे नुसते भाषांतर नव्हे. पॅरिसमधील नऊ वर्षांच्या मुलाला जे सोपे ते धारवाडच्या मुलाला त्याच वयात सोपे असेलच असे नाही. त्यामुळे प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना देऊन त्याची जागा नव्याने ठरवावी लागते.

आणि ती वारंवार ठरवावी लागते. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिले की विसाव्या शतकात अनेक देशांत चाचण्यांतील गुण दर पिढीला वाढत गेले. आनुवंशिकता इतक्या लवकर बदलत नाही. शिक्षण, आहार, जगण्याची रीत यांत बदल झाला. याचा व्यावहारिक अर्थ असा की फार जुन्या प्रमाणकांवर मोजले तर आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो आणि खरोखर मदत हवी असलेले मूल मदतीच्या यादीबाहेर राहू शकते.

1996 साली महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. अशा मुलाचे एकूण आकलन चांगले असते, पण वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखाद्या ठिकाणी ते अडते. हे ओळखायचे तर दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. मूल काय समजू शकते आणि मूल काय वाचू-लिहू शकते. 'शिकले किती' आणि 'शिकू शकेल किती' हा बिने यांनी केलेला भेद येथे थेट उपयोगी पडतो. 'ढ' म्हटले गेलेले एखादे मूल तोंडी उत्तरे छान देते, पण चार ओळी लिहिताना घामाघूम होते, हे या भेदामुळेच लक्षात येते.

शाळेत एखाद्या मुलाचा तपासणी अहवाल आला की आपली नजर सर्वांत आधी आकड्याकडे जाते. ती थोडी पुढे न्यावी. चाचणी कोणत्या भाषेत घेतली? ती भाषा मुलाच्या घरची आहे का? डोळे आणि कान आधी तपासले होते का? कोणती कामे चांगली जमली आणि कोणती अडली? अडले तेव्हा मुलाने काय केले? पुन्हा तपासणी कधी करायची आहे? आणि वर्गात उद्यापासून काय वेगळे करायचे, याबद्दल अहवालात काही लिहिले आहे का? नसेल, तर तपासणाऱ्या तज्ज्ञाला फोन करून विचारण्याचा शिक्षकाला पूर्ण अधिकार आहे.

यांतली काही माहिती तर फक्त शिक्षकाकडेच असते. तज्ज्ञ मुलाला दोन-तीन तास पाहतो, शिक्षक वर्षभर. पुढच्या वेळी वहीत चुकलेले उत्तर दिसले, तर त्यावर फुली मारण्याआधी एक क्षण थांबून 'हे तू कसे काढलेस?' असे मुलाला विचारून पाहावे. मिळालेले उत्तर आपल्याच एखाद्या वहीत तारीख घालून लिहून ठेवावे. महिन्याभरात अशा दहा-बारा नोंदी जमल्या, तर 'ढ' या एका अक्षरापेक्षा त्या मुलाबद्दल पुष्कळ अधिक कळलेले असेल. तपासणीसाठी पाठवायची वेळ आलीच, तर ती वही मुलाबरोबर जरूर द्यावी.